व्हॉलीबॉल प्रशिक्षक, कुमार गटाचा

साधारणपणे दहा ते अठरा वर्षांच्या खेळाडूंना व्हॉलीबॉल शिकवणारी आणि त्यांच्या संघाची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती. भारतात हे काम बहुतेक ठिकाणी शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडेच असते आणि कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यतीही त्यालाच पाहाव्या लागतात. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होत असल्याने त्याचे वर्ष त्या वेळापत्रकावर चालते.

तांत्रिक कौशल्ये : या खेळात चेंडू धरता येत नाही. हाताला तो क्षणभरच लागतो, म्हणून खेळाडू चेंडूखाली वेळेत पोचला की नाही यावरच पासचे बरेवाईट ठरते. चांगला प्रशिक्षक चेंडूकडे कमी आणि खेळाडूच्या पायांकडे जास्त पाहतो. चूक दिसली तरी एका वेळी एकच सूचना द्यायची, हे संयमाचे काम आहे. वीस मुले रांगेत, चेंडू एक आणि तो फेकणारे सर, हे आपल्या मैदानांवरचे नेहमीचे चित्र. त्यात तासाभरात एकेका मुलाच्या वाट्याला चेंडू फार थोडा येतो. १८ बाय ९ मीटरचे मैदान आडवे विभागून, जाळे खाली बांधून, हलक्या चेंडूने तीन-तीन जणांचे खेळ लावले तर हा प्रश्न बराच सुटतो. पुरुषांचे जाळे २.४३ मीटरवर आणि महिलांचे २.२४ मीटरवर असते. त्या उंचीवर बारा वर्षांच्या मुलाला स्मॅश मारायला लावणे म्हणजे त्याला खांदा वेडावाकडा फिरवायला शिकवणे होय.

प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत १९९०च्या दशकाअखेरीस आली. चुकलेली सर्व्हिस आता थेट प्रतिस्पर्ध्याला गुण देते, म्हणून पुष्कळ प्रशिक्षक मुलांना खालच्या हाताची सुरक्षित सर्व्हिसच करायला लावतात आणि उंच मुलाला तेराव्या वर्षीच मधल्या ब्लॉकवर कायमचा उभा करतात. जिल्हा पातळीवर ढाल मिळते. पण त्या मुलाला पुढेही सर्व्हिस घेता येत नाही.

शरीर व सुरक्षा : जाळ्याजवळ दुसऱ्याच्या पावलावर उतरून घोटा मुरगळणे ही सर्वांत नेहमीची दुखापत आहे. झपाट्याने उंची वाढते त्या काळात गुडघ्याखालचे दुखणे उद्भवते. तेव्हा उड्यांची संख्या मोजून कमी करावी लागते. ‘सहन कर’ हा त्यावरचा उपचार नव्हे. प्रथमोपचार, मुलींच्या प्रवासाची व मुक्कामाची व्यवस्था आणि २०१२च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रशिक्षकाला असलीच पाहिजे.

प्रशिक्षण : बी.पी.एड. पदवी सर्वसाधारण शारीरिक शिक्षणाची आहे. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली स्थापन झाली. तेथील पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हे देशातले परिचित मार्ग. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वरच्या स्तरावर नेतात. व्यूहरचना, रोटेशन, ५-१ पद्धत यांवर शिकणाऱ्याची नजर आपोआप जाते, कारण सामन्यात तेच दिसते. मुलांची वाढ, पालकांशी बोलणे आणि सरावाचे नियोजन हे विषय मागे पडतात. खरी उणीव मात्र प्रमाणपत्रानंतर जाणवते. नव्या प्रशिक्षकाचा सराव एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाने मैदानावर येऊन पाहावा आणि त्याच्या चुका त्याला दाखवाव्यात, याची सोय असल्याशिवाय कोणताही अभ्यासक्रम अपुराच आहे.