दप्तर ठेवल्यानंतरची शाळा

भीमेच्या काठी वसलेल्या ज्या कसब्यास आपण आज राजगुरुनगर म्हणतो आणि ज्याच्या तालुक्याचा कारभार सरकारी दफ्तरांत अद्याप खेड याच जुन्या नावाने चालतो, तेथील एका विद्यार्थ्याचे चरित्र शिक्षणाचा विचार करणाऱ्याने अवश्य पाहावे. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी येथील वाड्यात झाला. पित्याचे छत्र बालपणीच हरपले, शिक्षणासाठी पुण्यास वडीलबंधूंच्या आश्रयास जावे लागले, आणि इंग्रजीतील अपयशावरून घरात झालेल्या बोलाचालीनंतर, असे सांगतात, या मुलाने अंगावरील वस्त्रांनिशी घर सोडून अखेरीस काशी गाठली. परीक्षेने आपला निकाल दिला होता. परंतु काशीस त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शरीरशिक्षणाचे पाठ घेतले, आणि क्रांतिकारकांच्या मंडळीत येण्यापूर्वी बनारसच्या एका म्युनिसिपल शाळेत मुलांना कवायत शिकविण्याची नोकरीही केली. वर्गात मागे राहिलेल्या मुलास पुढे आणणारी ही दुसरी शाळा त्या काळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी चालू होती, आणि तिची घंटा नेहमीची शाळा सुटल्यावरच वाजत असे.

तिचे सर्वांत जुने रूप म्हणजे तालीम. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, हे सर्वश्रुत आहे. आणि मावळपट्ट्यातील लहान कसब्यांतही कोनाड्यातील मारुती, तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी उभे केलेले मुद्गल आणि लेझमांची जुडी एवढ्या सरंजामावर तालमी उभ्या असत. हौद्यातील माती तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मुरवीत. घराघरांतील ताकास तेथे वाट फुटत असे, आणि त्याबद्दल गृहिणींनी फारशी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. पण तालमीचे खरे सामर्थ्य मातीत नव्हते, तिच्या शिक्षणक्रमात होते. वस्ताद प्रत्येक पोरास स्वतः शिकवीत नसे. तो चार जाणत्या पठ्ठ्यांस डाव सांगे, ते मिसरूड फुटलेल्यांस घोटवून घेत, आणि हे पुन्हा बारा वर्षांच्या पोरांकडून जोर-बैठका काढवीत, म्हणजे एकाच संध्याकाळी तोच मुलगा वरच्याचा शिष्य आणि खालच्याचा गुरू होई. परीक्षा वर्षातून एकदाच, ग्रामदैवताच्या यात्रेतील कुस्त्यांच्या हगाम्यात, सबंध गावासमोर होई. नापास झालेला दुसऱ्या दिवशी पुन्हा हौद्यात उतरे, त्याचे नाव कोणी पटावरून कमी करीत नसे.

बुद्धीच्या बाजूची सोय शहरापुरतीच राहिली. पुण्यात १८४८ साली सार्वजनिक ग्रंथालय निघाले, १८५५ साली फुले दांपत्याने दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पण तालुक्याच्या गावी वाचनालय बहुधा वर्तमानपत्रे चाळणाऱ्या प्रौढांचे असे, आणि तेथे कुमारवयाच्या मुलास मोकळी मुभा क्वचितच असे.

व्यायामाची परंपरा मात्र अखंड वाहत राहिली. बडोद्याच्या जुम्मादादांच्या आखाड्यात माणिकरावांनी सांघिक कवायतीस शिस्त दिली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी पुढे लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली वर उल्लेखिलेले मंडळ काढले, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९३७ साली मुंबई सरकारने कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शरीरशिक्षणाची समिती नेमली, आणि व्यायाम रीतसर शाळेच्या वेळापत्रकात आला. सरकारचा हेतू स्तुत्यच होता. परंतु माझ्या मते या व्यवस्थेत तासिका आली आणि वस्ताद गेला. ड्रिल मास्तरास पगार मिळू लागला, पण मोठ्या मुलाने लहानास घडविण्याची ती वहिवाट बंद पडली.

ती पुन्हा उभी केली १९४१ साली राष्ट्र सेवा दलाने. सायंकाळच्या शाखेवर खेळ, समूहगान, लेझीम आणि चर्चा, सुट्टीत श्रमदानाची शिबिरे, आणि या सर्वांवर विशी-पंचविशीतील शाखानायक, हा तालमीचाच शिक्षणक्रम नव्या आशयासह होता. साने गुरुजींची माया आणि एस. एम. जोशींची शिस्त लाभलेल्या या संघटनेच्या कलापथकाने वसंत बापटांसारख्या कवीस गाणी लिहावयास लाविले आणि निळू फुल्यांसारख्या नटास रंगमंच दिला. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तीही शाळेस पूरक म्हणून: निरनिराळ्या शाळांतील बुद्धिमान मुले निवडून, त्यांस शाळेबाहेरच्या वेळेत अधिक काही द्यावे, अशी ती योजना होती, तिची पूर्ण वेळेची प्रशाला १९६९ साली निघाली. प्रयोग थोर, परंतु निवड हे त्याचे सामर्थ्य तशीच मर्यादाही. खेडच्या हरी राजगुरूंचा इंग्रजीत मागे पडलेला मुलगा अशा चाळणीतून उतरला असता की नाही, याविषयी मला शंका आहे.

दरम्यान खेडची पंचक्रोशीच पालटली. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, आणि नव्वदीनंतर चाकणची माळराने औद्योगिक वसाहतीखाली गेली. मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली; आईबाप पाळीनुसार कामावर, आणि शाळा सुटलेला चौदा वर्षांचा मुलगा कुलूपबंद दारापुढे किंवा मोबाइलच्या पडद्यापुढे. ज्यास परवडते तो शिकवणीस जातो, म्हणजे शाळेतलेच पुन्हा एकवार ऐकतो.

अशा मुलांसाठी ती दुसरी शाळा पुन्हा उभारावयास पैशाची वाटही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास लावणे बंधनकारक केले आहे, आणि त्या कक्षेत येणारे कारखाने चाकणास उदंड आहेत. राजगुरुनगरच्या नगरपरिषदेने आणि पालकांनी त्यांच्याकडे इमारती व संगणकसंच मागण्याआधी, प्रत्येक वस्तीत सायंकाळी दोन तास मुलांत बसणाऱ्या एका तरुणाचे मानधन मागावे. खोली तर शाळेची आहेच, ती सायंकाळी रिकामीच असते.