मिल १९ कशामुळे वाचली?
अमेरिकेत पिट्सबर्ग शहरातल्या हेझलवूड वस्तीत, मोनोंगहेला नदीकाठी, जोन्स अँड लॉफलिन या एकेकाळच्या पोलाद कंपनीची ‘मिल १९’ आहे. सुमारे तेराशे फूट लांबीची ही इमारत १९४३ मध्ये युद्धसामग्रीसाठी उभी राहिली. २०१९ पासून तिथे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रोबोटिक्स आणि उत्पादनतंत्रावरचे संशोधन चालते. जुना पोलादी सांगाडा राखून त्याच्या पोटात नवे बांधकाम केले, वर सौरपॅनेल बसवले. त्याचे कौतुक वास्तुरचनाकारांच्या वाट्याला येते आणि ते रास्तही आहे. पण गिरणी वाचली ती मुख्यतः जमीन कोणाच्या हाती होती यामुळे. त्याच नदीकाठी होमस्टेडचा पोलाद कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. १८९२ च्या रक्तरंजित संपाची ती जागा. आज तिथे दुकाने-चित्रपटगृहे आहेत आणि खुणेला बारा धुरांडी. हेझलवूडच्या कोक भट्ट्याही १९९८ मध्ये थंडावल्या. पण २००२ मध्ये मिल १९ सह तिथली १७८ एकर जमीन स्थानिक धर्मादाय प्रतिष्ठानांनी मिळून घेतली. लगेच नफा काढण्याची निकड नसल्याने गंजता सांगाडा भंगारात न विकता त्यांना वाट पाहता आली.

यावर कोणी म्हणेल, अशा प्रतिष्ठानांमागे हाइन्झ आणि मेलन घराण्यांचा पैसा असणाऱ्या गावालाच हे परवडते. खरे आहे. मात्र वाट पाहण्याची ही ताकद नगरपालिका किंवा राज्य सरकारही कमावू शकते. जमीन पहिल्याच गिऱ्हाइकाला न विकणे हा शेवटी धोरणाचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: भट्टीवर घाम गाळणाऱ्यांच्या नातवंडांना रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेत कोण घेणार? संघटित होण्याचा कामगारांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये उचलून धरला, तो याच जोन्स अँड लॉफलिन कंपनीविरुद्धच्या खटल्यात. तो खटला नदीच्या प्रवाहात खाली असलेल्या ॲलिक्विपा गावच्या कारखान्यातला, पण मालक तेच. कामगारहक्कांचा हा वारसा खांब-तुळया जपून जपला जात नाही. रिकामे भग्नावशेष कोणालाच रोजगार देत नाहीत, हे उत्तर मला अपुरे वाटते. घाई नसलेल्या मालकाला भाडेकरूशी करार करताना अटी घालता येतात. वस्तीतल्या तरुणांना प्रशिक्षण आणि पदवीशिवाय करता येणाऱ्या तंत्रज्ञाच्या नोकऱ्यांत त्यांना पहिला हक्क, या अटी करारात लेखी हव्यात, आणि जागा भाड्याने जाण्याआधीच घालायला हव्यात.