टॉमी गन आणि नवटाक

सिनेमा म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही २०१५ सालच्या मे महिन्यात ‘बॉम्बे वेल्वेट’ पाहून बाहेर पडलो, तेव्हा लग्नाला जाऊन न जेवता परतल्यासारखं वाटलं.

अपेक्षा मोठी होती. साठच्या दशकातली मुंबई म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांतली मुंबई. शिवाय ज्ञान प्रकाश या इतिहासकाराच्या पुस्तकाचा आधार घेतलेला. श्रीलंकेत उभारलेली ती जुनी मुंबई खरोखर देखणी होती. रस्ते, मोटारी, क्लबातले दिवे, कशालाच नावं ठेवायला जागा नाही. दारूबंदी, गोदी, सोनं यांचे ओझरते संदर्भही येतात. मग बिनसलं कुठं?

माझ्यापुरतं सांगायचं, तर टॉमी गनपाशी. नायक बलराज थिएटरात ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ हा १९३९ सालचा अमेरिकन गुंडपट पाहतो आणि तसाच बडा माणूस व्हायचं ठरवतो. शेवटी त्याच्या हातात टॉमी गन येते. आता गंमत पाहा. तो अमेरिकन सिनेमा बेतलेला आहे अमेरिकेतल्या दारूबंदीवर. ती १९२० ते १९३३ पर्यंत होती. आणि आपल्या मुंबईत स्वतःची, घरची दारूबंदी होती की! घरात पुरण शिजत असताना उसनी पोळी कशाला आणायची?

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. गृहमंत्री मोरारजी देसाई यांचा त्यामागे मोठा आग्रह. हेतू चांगलाच होता. गिरणी कामगाराचा पगार गुत्त्यात न जाता घरी यावा, असं वाटणाऱ्या बायका आमच्या चाळीतही होत्या. पण गुत्ता बंद झाला आणि हातभट्टी पेटली. गूळ, सडकी फळं आणि नवसागर घालून खाडीकाठी, झोपड्यांत दारू गाळायची, मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून शहरात आणायची आणि ‘आंटी’च्या अड्ड्यावर नवटाकाच्या मापानं विकायची. नवसागराची दारू किती विषारी, हे पिणाऱ्यालाही ठाऊक असे. पैसेवाल्यांना मात्र सरकारी परमिट मिळे. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला जोडला की झालं. म्हणजे श्रीमंताला औषध आणि गरिबाला कोठडी. हवालदाराचा हप्ता हा शब्द लहानपणी आम्ही पाढ्यांबरोबरच शिकलो.

दुसरा कायदा सोन्याचा. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. अर्थमंत्री कोण? पुन्हा मोरारजीभाईच. चौदा कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायचे नाहीत, असा हुकूम. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक सोनार राहत. दिवसभर त्यांची बागेसरी धुमसत असे. मंगळसूत्राच्या वाट्या घडवण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. चौदा कॅरटची वाटी कोण बांधणार गळ्यात? चार-पाच महिन्यांत बागेसरी विझली. देशभर असे लाखो सोनार कामावाचून बसले. काहींनी जीव दिले. आमचे सोनारकाका एका घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीच्या कामाला लागले. डोळ्याला लावायचं भिंग तेवढं तेच राहिलं.

आणि तरीही १९६५ मध्ये माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात चोख सोन्याच्या बांगड्या घरात आल्या. कुठून आल्या, हे विचारायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. दुबईहून गलबतांतून येणारी दहा तोळ्यांची बिस्किटं शेवटी अशाच घरांत पोचत होती. स्मगलर स्मगलर म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांचं गिऱ्हाईक कोण होतं? आमच्यासारखी देवभोळी, पापभीरू माणसंच. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, पण सोनारकाका काही परत बागेसरीपुढे बसले नाहीत.

त्या काळातल्या खऱ्या दादा मंडळींकडे पाहिलं की हे अधिक उमगतं. हाजी मस्तान गोदीत हमाल होता. वरदराजन मुदलियार बोरीबंदर स्टेशनवर ओझी वाहायचा आणि पुढे हातभट्टीच्या धंद्यात मोठा झाला. त्यांचं भांडवल म्हणजे बंदूक नव्हे. कुठला माल कधी उतरतो, कुठला शिपाई कशाला बधतो, ही माहिती हेच भांडवल. मारामारीला रामपुरी चाकू आणि सोड्याच्या बाटल्या पुरत. ‘दीवार’ला हे कळलं होतं. १९७५ सालचा तो सिनेमा पक्का मसालापट, पण त्यातला विजय आधी गोदीत पाठीवर पोती वाहतो. त्यामुळे त्याचं पुढचं सगळं खोटं असूनही खरं वाटतं. बलराजला मात्र बडा माणूस व्हायची घाई होती, आणि त्याच्या घाईत आमची चाळ, आंटी, सोनारकाका सगळेच चौकटीबाहेर राहिले.

थिएटरसमोर एक बार होता. पाटीवर नेहमीची अक्षरं, ‘बार अँड परमिट रूम’. १९४९ चा तो कायदा रद्द झालेला नाही. वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत तो सैल झाला, नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आला, पण पिणाऱ्याकडे परवाना हवा हे कलम कागदावर आहेच. माझ्याबरोबर खेळ पाहून निघालेली चार पोरं टॉमी गनच्या गप्पा मारत त्या पाटीखालून आत गेली. परवाना त्यांच्यापैकी कुणाच्याही खिशात नसावा.