एका प्रतीवरून पाठनिर्णय : वैद्यक परीक्षेंतील गुणांचें प्रामाण्य

जुन्या पोथीची एकच प्रत हातीं आली, तर तिच्यांतील पाठ शुद्ध कीं लेखकप्रमाद, हें ठरविणें कठीण. स्वतंत्र परंपरेच्या चार प्रती मिळाल्या म्हणजे निर्णय सुकर होतो. संग्राहकांस हें सांगावयास नको. वैद्यकाच्या प्रात्यक्षिक परीक्षेंतील गुणांसही हाच न्याय लावला पाहिजे, असें आमचें मत आहे.

हा विषय आम्हीं यवतमाळच्या निमित्तानें घेतला. वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखिलें जाणारें तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालीं निघालें. २०१७ सालीं त्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करणारे अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें दगावले. अशा रोग्याच्या डोळ्याची बाहुली, घाम व श्वास तत्काळ पाहावा लागतो. तें कौशल्य तरुण वैद्याच्या अंगीं आहे, अशी ग्वाही परीक्षेंतील गुण देतात. ती खोटी निघाल्यास दंड रोग्यास होतो.

जुन्या पद्धतींत उमेदवारास एक मुख्य रोगी देत व परीक्षक तोंडीं प्रश्न विचारीत. कोणास सोपा रोगी मिळे, कोणास अवघड. कोणाचा परीक्षक उदार, कोणाचा कठोर. परीक्षकाचा हात कसा बदलतो, हें विलायतेंत हार्टोग व ऱ्होड्स यांनीं १९३५ सालीं दाखविलें. इतिहासाच्याच १५ उत्तरपत्रिका त्याच १४ परीक्षकांनीं वर्षाहून अधिक काळानें पुन्हां तपासल्या, तेव्हां २१० निर्णयांपैकीं ९२ बदलले! कागदावरील उत्तराची ही गत, तर क्षणांत संपणाऱ्या रुग्णतपासणीची काय कथा?

यावर स्कॉटलंडांतील डंडी येथील हार्डन व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं उपाय प्रसिद्ध केला. उमेदवार एकामागून एक अनेक ठाण्यांवर जातो. प्रत्येक ठाण्यावर ठराविक वेळ, ठराविक काम व आधींच ठरविलेली गुणांची यादी. म्हणजे एका प्रतीच्या जागीं अनेक प्रती. पुढें असेंही दिसून आलें कीं, एका रोग्यावरील यश दुसऱ्यावरील यशाची हमी देत नाहीं. म्हणून परीक्षक वाढविण्यापेक्षां ठाणीं वाढविणें अधिक फलदायी.

तथापि केवळ यादीवर विसंबणेंही घातक. कॅनडांतील १९९९ सालच्या एका अभ्यासांत अनुभवी वैद्यांस यादीप्रमाणें विद्यार्थ्यांहून कमी गुण पडले. जाणता माणूस मोजक्या प्रश्नांतच निदान गाठतो. अक्षर न् अक्षर उतरणाऱ्या नकलनविसास पाठनिर्णय साधतोच असें नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. यास्तव यादीबरोबर जाणत्याचा एकंदर अभिप्रायही घ्यावा.

शेवटीं एक सूचना. लेखी उत्तरपत्रिका मागें राहते. रुग्णतपासणीचा बहुधा अंकच तेवढा उरतो. प्रत्येक ठाण्याचें गुणपत्रक परीक्षकवार दप्तरीं ठेविलें, तरच चूक उद्यां शोधतां येईल. दप्तर नाहीं तेथें न्यायही नाहीं, हें आमच्या वाचकांहून अधिक कोणास ठाऊक असणार?