सोलचे कंदील आणि भिक्खूंना बंद असलेल्या वेशी

दरवर्षी बुद्धजयंतीच्या सुमारास दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल शहरात, कंदिलांची मोठी मिरवणूक निघते. तिला 'योनदुंगह्वे' म्हणतात. पूर्वेच्या जुन्या वेशीपासून जोंगनो या हमरस्त्याने ती जोग्येसा विहारापर्यंत जाते. हजारो लोक हातात कागदी कमळाचे कंदील घेऊन चालतात. एका दिवसाच्या सहलीला आलेले पर्यटक फोटो काढतात आणि संध्याकाळी परततात. २०२० मध्ये युनेस्कोने या उत्सवाची मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

पण मित्रांनो, ज्या शहरातून आज ही मिरवणूक जाते, त्या शहरात बौद्ध भिक्खूला पाऊल ठेवायला बंदी होती. ती १८९५ मध्ये उठली. आंबेडकरी माणसाने हा उत्सव बघायचा तर तो इथून बघायला हवा.

उत्सव जुना आहे. सिल्ला राज्याचा राजा ८६६ साली ह्वांगन्योंगसा विहारात कंदील पाहायला गेल्याची नोंद कोरियाच्या सर्वात जुन्या उपलब्ध इतिहासग्रंथात सापडते. पुढे गोर्यो घराण्याने (९१८ ते १३९२) तो राजउत्सव केला. या घराण्याच्या संस्थापकाने वारसांसाठी ठेवलेल्या दहा आज्ञांत हा उत्सव चालू ठेवा असे बजावले होते.

मग गोर्यो काळ म्हणजे समतेचा सुवर्णकाळ होता का? नाही. बौद्ध राजवट म्हटली की आपल्याकडे लगेच सगळे छान होते असे लिहिण्याची सवय आहे. ती टाळू या. गोर्यो काळातील मोठ्या विहारांकडे अफाट जमिनी होत्या आणि त्या कसायला गुलाम होते. संघ जमीनदार झाला, राजदरबाराचा आश्रित झाला. आणि नवी राजवट आली तेव्हा तिने बौद्धांवर पहिला घाव घातला तो याच जमिनी आणि गुलाम जप्त करून.

ही नवी राजवट म्हणजे जोसोन घराणे (१३९२ ते १९१०). तिची विचारधारा कन्फ्यूशियसवादी. वर यांगबान म्हणजे विद्वान-सरदार, खाली कष्टकरी, त्याखाली गुलाम आणि 'हीन' माणसे, अशी जन्मावर बेतलेली उतरंड तिने घट्ट केली. १४२४ मध्ये राजा सेजोंगने सात बौद्ध संप्रदाय मोडून दोनच ठेवले आणि सरकारमान्य विहार फक्त ३६ उरले. सतराव्या शतकापासून भिक्खूंना राजधानीच्या वेशीतून आत येणे बंद झाले. भिक्खूची गणना खाटीक, गुलाम, डोंबारी यांच्याबरोबर हीनांत होऊ लागली. धम्म डोंगरात ढकलला गेला.

राजदरबाराने कंदिलांचा सोहळाही बंद केला. पण लोकांनी तो सोडला नाही. चौथ्या चांद्रमासाच्या अष्टमीला, म्हणजे कोरियाच्या बुद्धजयंतीला, घरोघरी उंच काठ्या उभारून कंदील लावले जात. घरात जितकी मुले तितके कंदील. राजधानीत त्या रात्री संचारबंदीही शिथिल असे. भिक्खूला वेशीबाहेर ठेवणाऱ्या शहरात बुद्धाच्या नावाचे दिवे सामान्य बायाबापड्यांनी पिढ्यानपिढ्या जळत ठेवले. उत्सव वाचवला तो त्यांनी.

१८९५ मध्ये बंदी उठली, तीही एका जपानी भिक्खूच्या अर्जानंतर. आणि १९११ मध्ये त्याच जपानने, आता वसाहतीचा मालक म्हणून, विहारांच्या प्रमुखांची नेमणूक गव्हर्नर-जनरलच्या संमतीला बांधली. दुसऱ्याने उघडलेल्या दाराची किल्ली दुसऱ्याकडेच राहते, हा धडा आपल्याला नवा नाही.

आता या इतिहासाचा दुसरा धागा. तो कंदिलांच्या फोटोत कधीच दिसत नाही. कोरियात 'पेकजोंग' नावाचा समाज होता. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे हे त्यांचे काम. त्यांनी गावाबाहेर राहायचे, कौलारू घर बांधायचे नाही, रेशीम नेसायचे नाही, इतरांच्या पोरांपुढेही वाकायचे. ओळखीचे वाटते ना?

त्यांच्या नावाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. गोर्यो काळात पेकजोंग या शब्दाचा अर्थ साधा शेतकरी असा होता. १४२३ मध्ये सेजोंग राजाने या बहिष्कृतांना मुख्य समाजात मिसळवण्यासाठी तेच नाव त्यांना दिले. झाले काय? माणसे वर आली नाहीत, नावच खाली गेले. शेतकरी ते नाव टाकून मोकळे झाले आणि पेकजोंग ही शिवी बनली. 'हरिजन' या नावाला बाबासाहेबांनी का विरोध केला, १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत या शब्दावरून सभात्याग का केला, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी कोरियाचा हा दाखला वाचावा.

१८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हा भेद संपला. व्यवहारात संपला नाही. सरकारी नोंदीत खूण राहिली, पोरांना शाळेत जागा मिळेना. तेव्हा एप्रिल १९२३ मध्ये जिंजू शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. 'ह्योंग' म्हणजे तराजू. खाटकाच्या हातातला तराजू त्यांनी समतेचे चिन्ह केला. पेकजोंग समाजातून शिकून आलेले जांग जी-पिल आणि यांगबान घरातले कांग सांग-हो हे तिचे पुढारी होते. संघटना निघताच विरोधकांनी त्यांच्या मांसावर बहिष्कार टाकला. १९२५ मध्ये येचोन येथे त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या. दोन्ही ठिकाणी मागणी माणुसकीची होती, आणि उत्तर मारहाणीने मिळाले.

कोरियातल्या बौद्धांना बुद्धजयंतीची सुट्टीही फुकट मिळाली नाही. नाताळची सुट्टी आधीपासून होती. १९७३ मध्ये एका वकिलाने सरकारविरुद्ध दावा लावला, पाठपुरावा झाला आणि १९७५ मध्ये सुट्टी जाहीर झाली.

आपल्याकडे दिवाळी मुळात कुणाची यावर दर वर्षी वाद रंगतो. पुरावा नसलेल्या दाव्यांत शक्ती घालवण्यापेक्षा नोंदी असलेला हा बौद्ध इतिहास तरुणांनी वाचावा. त्यातून दोन गोष्टी कळतात. संघ सत्तेचा आश्रित झाला की तो सत्तेबरोबर पडतो. आणि केवळ बुद्धाचे दिवे लावून उतरंड मोडत नाही. गोर्योत दिवे होते, गुलामही होते. उतरंडीला धक्का दिला तो तराजू हातात घेतलेल्या संघटित माणसांनी. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये धम्म दिला तो बावीस प्रतिज्ञांसह, समता गाभ्यात ठेवून. म्हणून पुढच्या बुद्धजयंतीला वस्तीत कंदील जरूर लावा, पण त्याच सभेत मुलांना जिंजू आणि महाडची गोष्ट एकत्र सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!