कानातला वाटाड्या

वस्तुसंग्रहालय सर्वांना खुले आहे, असे आपण म्हणतो. दाराशी कोणी जातपात विचारीत नाही, हे खरे. परंतु दार उघडे असणे निराळे आणि आतल्या वस्तूंनी आपल्याशी बोलणे निराळे. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ साली जनतेस खुले झाले. कामगारांच्या तुकड्या घेऊन आम्ही तेथे गेलो आहोत. ज्याला वाचता येते तो पाटीपाशी थांबतो. ज्याला येत नाही तो मूर्तीला हात जोडून पुढे सरकतो. ही उणीव भरून काढू शकेल असे एक साधन म्हणजे कानाला लावायचे माहितीयंत्र. त्याचा इतिहास सत्तर वर्षांहून अधिक आहे, आणि तो नुसता यंत्राचा इतिहास नव्हे. पाहणाऱ्याच्या पायांवर हुकूम कोणाचा, याचाही तो इतिहास आहे.

आरंभ हॉलंडात झाला. १९५२ साली आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात, विलेम सँडबर्ग हे संचालक असताना, दालनाभोवती तार फिरवून ध्वनिफितीवरील व्याख्यान लघुलहरींनी सोडण्यात येई. प्रेक्षक लहानसा रेडिओ जवळ बाळगीत व कानाला लावून ते ऐकत. पण फीत एकच, म्हणून एका क्षणी सर्वांच्या कानी एकच वाक्य पडे. सारा घोळका एकदमच पुढच्या चित्राकडे वळे. ज्यांनी गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढले, त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल.

पुढची पायरी म्हणजे ज्याची फीत त्याच्यापाशी. १९५७ साली अमेरिकेत अकूस्टिगाइड ही कंपनी निघाली. तिच्या आरंभीच्या फितींपैकी एकीत एलिनॉर रूझवेल्ट यांनी हाइड पार्क येथील आपल्या पतीच्या घराची माहिती स्वतःच्या आवाजात सांगितली. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि यंत्राचे ओझे उतरू लागले. १९७६ ते १९७९ या काळात तुतनखामेनचा खजिना अमेरिकेत फिरला, तेव्हा थॉमस होविंग यांच्या आवाजातील फीत ऐकत लोक तो पाहत होते. आता थांबणे माणसाच्या हाती आले. क्रम मात्र फितीचाच राहिला. १९९०च्या दशकात अंकीय यंत्रे पसरली आणि तेही बंधन सुटले. वस्तूपाशी आकडा लिहिलेला, तो दाबावा आणि ऐकावे. हवे ते आधी, नको ते मुळीच नाही. आज हेच काम खिशातला मोबाइल करतो.

पाय मोकळे झाले. कानांचे काय? आमच्या मते खरा प्रश्न येथून सुरू होतो. आपल्या मुंबईच्या संग्रहालयात प्राचीन असुर राजवाड्यातील कोरीव शिलापट आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिल्यावर कानातला आवाज राजाचे नाव सांगेल. तो दगड कोणी खाणीतून काढला, कोणी ओढला, कोणाच्या छिन्नीने कोरला, हे सांगेल काय? छापील पाटीशी मनात वाद घालता येतो. कानातला आवाज आपल्याच मनातला वाटू लागतो, म्हणून त्याचा मजकूर लिहिणाऱ्यावर जबाबदारी अधिक.

दुसरी गोष्ट भाषेची. या संग्रहालयात मराठीतून ऐकण्याची सोय झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाटीवरचे संस्कृतप्रचुर वाक्य कोणी मोठ्याने वाचून दाखविले, तर ते मराठी झाले असे होत नाही. तेच सांगणे चाळीच्या गॅलरीत समजेल अशा बोलीत हवे.

तिसरी गोष्ट सोबतीची. दहा माणसे दहा यंत्रे लावून फिरली, तर शेजारच्याला 'अरे, हे काय रे?' असे कोणी विचारीत नाही. यंत्राला उलट प्रश्नही करता येत नाही. वाटाड्या माणूस असेल, तर त्याला अडवून विचारता येते. म्हणून यंत्र आले तरी माणूस काढू नये, ही आमची मागणी आहे. ती केवळ नोकऱ्या राखण्यासाठी नाही.

तेव्हा करायचे काय? रात्रशाळा, वाचनालये आणि कामगार संघ यांनी संग्रहालयांकडे जाऊन म्हणावे : मजकूर मुक्रर करण्यापूर्वी तो आमच्या माणसांना ऐकवा. जेथे त्यांना कळणार नाही, तेथे पुन्हा लिहा. इतके झाले, तरच ते दार सर्वांसाठी उघडले असे म्हणता येईल.