सीआरओ घ्यायला पैसे नाहीत? काही हजारांत टेबलावर लॅब उभी करणारी ओपन सोर्स यंत्रं नेमकी काय आहेत?

बीएस्सी फिजिक्स असो, डिप्लोमा असो की इंजिनिअरिंग, प्रॅक्टिकलचं चित्र बऱ्याच ठिकाणी सारखंच असतं. एका सीआरओभोवती पाच-सहा जण उभे. एक जण नॉब फिरवणार, दुसरा रीडिंग सांगणार आणि बाकीचे जर्नलमध्ये उतरवून घेणार. सही मिळते, मार्क मिळतात. पण ओरलला ‘टाइम बेस म्हणजे काय?’ असं विचारलं की बोलती बंद होते. कारण त्या नॉबला कधी हातच लागलेला नसतो.

यात पोरांच्या हुशारीचा प्रश्न नाही. प्रश्न यंत्राच्या किमतीचा आहे. दोन चॅनलचा साधा डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यायचा म्हटला तरी पाच आकडी रक्कम लागते. त्यामुळे तो कॉलेजचा असतो आणि कॉलेजचा असल्यामुळे जपून वापरायचा असतो.

यावर उपाय म्हणून मागच्या वीसेक वर्षांत खिशात मावणारी, लॅपटॉपला जोडता येणारी आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालणारी यंत्रं आली. त्यातलं एक महत्त्वाचं यंत्र तर भारतातच तयार झालं.

मुळात ऑसिलोस्कोप लागतो कशाला?

मल्टीमीटर आपल्याला एक आकडा देतो. पाच व्होल्ट, बारा व्होल्ट वगैरे. पण व्होल्टेज सेकंदाला हजार वेळा खाली-वर होत असेल तर तो एक आकडा काहीच सांगत नाही. ऑसिलोस्कोप त्याच व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख काढतो. साध्या भाषेत सांगायचं तर मल्टीमीटर म्हणजे क्रिकेटचा फायनल स्कोअर आणि ऑसिलोस्कोप म्हणजे बॉल-बाय-बॉल मॅच.

मग स्वस्तात कसं जमतं?

डिजिटल ऑसिलोस्कोपचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिला भाग आलेला सिग्नल योग्य पातळीवर आणतो, ठरावीक वेळाने मोजतो आणि त्याचे आकडे करतो. दुसरा भाग ते आकडे साठवतो, त्यांच्यावर गणित करतो आणि स्क्रीनवर दाखवतो.

यातला दुसरा भाग तर आपल्याकडे आधीच असतो, लॅपटॉप किंवा मोबाइलच्या रूपात. त्यामुळे फक्त पहिला भाग छोट्या बोर्डावर बसवला, तो यूएसबीने जोडला आणि बाकीचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं की खर्च एकदम खाली येतो.

दिल्लीत तयार झालेलं ‘एक्सपआईज’

नवी दिल्लीतलं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर ही यूजीसीची संस्था. पुण्यातली आयुका जशी खगोलशास्त्रासाठी, तशी ही कणत्वरक यंत्रांवरच्या संशोधनासाठी. तिथे मोठ्या प्रयोगांसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तयार व्हायची. हेच ज्ञान कॉलेजच्या लॅबपर्यंत न्यायचं म्हणून 2004 मध्ये ‘फिनिक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. शास्त्रज्ञ अजित कुमार बी. पी. यांनी त्याचं नेतृत्व केलं.

या प्रकल्पातून पुढे ‘एक्सपआईज’ नावाची यंत्रं आली. 2017 मध्ये आलेलं त्याचं रूप म्हणजे ‘एक्सपआईज-17’. हातात मावणारा डबा, वेगळा चार्जर नाही, यूएसबीवरच चालतो. त्यात चार चॅनलचा ऑसिलोस्कोप आहे. 5 हर्ट्झ ते 5 किलोहर्ट्झपर्यंत साइन वेव्ह देणारा जनरेटर आहे. हवं तेवढं व्होल्टेज सेट करता येईल असे सप्लाय आहेत. शिवाय रेझिस्टन्स, कपॅसिटन्स आणि फ्रिक्वेन्सी मोजायची सोय आहे.

थोडक्यात, लॅबच्या टेबलावर चार वेगवेगळी यंत्रं जे करतात, त्यातलं शिकण्यापुरतं सगळं या एका डब्यात होतं. आणि किंमत काही हजारांत.

याने करायचं काय?

सगळ्यात सोपा प्रयोग म्हणजे एका इनपुटला लांब वायर लावायची आणि तिचं दुसरं टोक मोकळं सोडायचं. वायर कशालाच जोडलेली नसते, तरी स्क्रीनवर लाट उमटते. ती दर 20 मिलिसेकंदांनी पुन्हा येते, म्हणजे फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ. भिंतीतल्या वायरिंगचा हा परिणाम असतो. घरातली वीज 50 हर्ट्झची आहे, हे पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांना दिसतं.

दुसरा प्रयोग कॉइलचा. तांब्याच्या तारेच्या कॉइलमधून चुंबक खाली सोडायचा. आत शिरताना एक झटका वर दिसतो, बाहेर पडताना दुसरा खाली दिसतो. दुसरा झटका जास्त उंच असतो, कारण खाली येईपर्यंत चुंबकाचा वेग वाढलेला असतो. फॅरेडेचा नियम आणि गुरुत्वाकर्षण एकाच आलेखात.

तिसरा प्रयोग आवाजाचा. साधारण 3500 हर्ट्झवर वाजणारा छोटा बझर माइकपासून हळूहळू लांब न्यायचा. साधारण 5 सेंटिमीटर अंतर वाढलं की माइकची लाट बरोबर उलटी होते. म्हणजे पूर्ण लाटेची लांबी 10 सेंटिमीटरच्या आसपास. तिला फ्रिक्वेन्सीने गुणलं की आवाजाचा वेग सेकंदाला 350 मीटरच्या जवळपास येतो. पट्टीने मोजून एवढं जवळचं उत्तर आलं, तर वाईट नाही.

इतर पर्याय कोणते?

पहिला, पॉकेट सायन्स लॅब. फॉसएशिया या ओपन सोर्स समुदायाचं हे यंत्र. लॅपटॉप नसेल तर ओटीजी केबलने अँड्रॉइड मोबाइलला जोडता येतं. आणि बोर्ड नसला तरी त्याचं ॲप मोबाइलमधलेच सेन्सर वापरून प्रकाश वगैरे मोजू शकतं.

दुसरा, लॉजिक ॲनालायझर. आर्डुइनोवर काम करणाऱ्यांसाठी हा खरा मित्र. सेन्सर जोडला, कोड टाकला आणि डेटाच येत नाही, तर चूक वायरमध्ये आहे, कोडमध्ये आहे की सेन्सरमध्ये? आठ चॅनलचा, 24 मेगाहर्ट्झचा छोटा ॲनालायझर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याच्यासोबत ‘सिगरॉक’ या प्रकल्पाचं ‘पल्सव्ह्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचं. ते फक्त शून्य आणि एक दाखवत नाही, तर वायरवरून नेमका कोणता बाइट गेला, समोरून उत्तर आलं की नाही, हेही उलगडून सांगतं.

तिसरा, कंपोनंट टेस्टर. जुन्या बोर्डावरून काढलेला ट्रान्झिस्टर एनपीएन की पीएनपी, त्याचा कुठला पाय कशाचा, हे एका बटणावर सांगणारं यंत्र. बाजारात मिळणारे बरेच टेस्टर मूळच्या जर्मन हौशी मंडळींनी खुल्या केलेल्या डिझाइनवरून आलेत.

ओपन सोर्सचा मुद्दा एवढा महत्त्वाचा का?

कारण लॅबमध्ये यंत्र बंद पडण्याआधी बऱ्याचदा त्याचं सॉफ्टवेअर बंद पडतं. कंपनी ते मॉडेल बंद करते, ड्रायव्हर जुन्या विंडोजवरच चालतो आणि धडधाकट यंत्र कपाटात जातं. सॉफ्टवेअर खुलं असेल तर कुणीतरी ते नव्या सिस्टिमवर चालवून घेऊ शकतं.

दुसरं कारण शिकण्याचं. एक्सपआईजचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये आहे. बटण दाबल्यावर आलेख कसा तयार झाला, हे कोड उघडून वाचता येतं. स्वतःच्या चार-पाच ओळी लिहून व्होल्टेज मोजता येतं. हवा तो नवा प्रयोग रचता येतो. यंत्राचं डिझाइनही खुलं असल्यामुळे कुणीही ते बनवू शकतं.

मग महागडी यंत्रं बाद झाली का?

अजिबात नाही. एक्सपआईज सेकंदाला जास्तीत जास्त दहा लाख वेळा मोजतं. लाटेचा आकार नीट दिसायचा तर एका लाटेत निदान दहा बिंदू हवेत. म्हणजे साधारण 100 किलोहर्ट्झपर्यंत ठीक. आवाज, सेन्सर, कपॅसिटरचं चार्जिंग यासाठी हे भरपूर आहे. पण एफएम रेडिओचा सिग्नल त्यात दिसणार नाही. लॉजिक ॲनालायझरला तर फक्त शून्य आणि एक कळतं, लाटेचा आकार कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरक्षेची. ही यंत्रं घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला कधीही जोडायची नाहीत. 230 व्होल्टच्या एसीचं शिखर 325 व्होल्टपर्यंत जातं आणि एक्सपआईजच्या मुख्य इनपुटची मर्यादा आहे 16 व्होल्ट. यंत्राचा ग्राउंड थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेला असतो. त्यामुळे चूक झाली तर यंत्र जाईल, लॅपटॉप जाईल आणि जिवावरही बेतू शकतं. मोबाइल चार्जर किंवा एलईडी बल्ब उघडून आत प्रोब लावणं हाही त्यातलाच प्रकार.

सुरुवात कुठून करावी?

खिशात पैसे नसतील तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ‘ईसिम’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि सर्किट आधी कॉम्प्युटरवर चालवून बघा. थोडे पैसे जमले की चांगला मल्टीमीटर आणि ब्रेडबोर्ड. मायक्रोकंट्रोलरवर काम असेल तर लॉजिक ॲनालायझर. फिजिक्स किंवा ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं असेल तर एक्सपआईज किंवा पॉकेट सायन्स लॅब. एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून घेतलं तरी हिशोब बसतो.

उत्तर चुकलं तर वायर बदलून पुन्हा मोजायचं, ते पुन्हा चुकलं तर कारण शोधायचं. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये, सहा जणांच्या गर्दीत याला वेळच मिळत नाही. या यंत्रांमुळे तो वेळ मिळतो, आणि नॉब फिरवायला हातही.